हरवलेल्या लिपींतील राजांचीं नांवें

सोनगीर हें गांव धुळ्याच्या उत्तरेस, मुंबई-आग्रा रस्त्यावर वसलेलें आहे. टेकडीवरच्या किल्ल्याइतकाच या गांवाचा लौकिक तेथील तांब्यापितळेच्या भांड्यांमुळें पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे. भांडें विकत घेतलें म्हणजे त्यावर नांव घालून घ्यावयाचें, ही आपल्याकडील जुनी रीत. लेकीच्या लग्नांत दिलेल्या भांड्यावर तें कोणीं दिलें, कोणास दिलें, कोणत्या सालीं दिलें, हें लहान लहान टिंबांनीं कोरलेलें असतें. पातेल्याची कल्हई उडते, हंड्याला पोचे पडतात. पण टिंबाटिंबांचें तें नांव राहतें.

आमच्या घरीं असेंच एक तांब्याचें घंगाळ होतें. त्याच्या कांठावर माझ्या पणजीचें नांव घातलेलें होतें. पुढें घरांत पाणी तापविण्याचें नवें साधन आलें, घंगाळाची अडगळ वाटूं लागली, आणि एके दिवशीं तें वजनावर मोडींत गेलें. कांहीं वर्षांनीं कुळाची वंशावळ लिहावयास बसलों, तेव्हां पणजोबांचें नांव सर्वांस ठाऊक, पण पणजीचें कोणासच सांगतां येईना. नांव कांठावर होतें आणि कांठ भट्टींत गेला होता.

तें घंगाळ भट्टीऐवजीं जमिनींत गेलें असतें आणि दोन हजार वर्षांनीं एखाद्या नांगराच्या फाळाला लागलें असतें, तर काय झालें असतें? त्या काळच्या लोकांस देवनागरी लिपी ठाऊक नाहीं आणि मराठी भाषाही कोणी बोलत नाहीं, असें समजूं. त्यांनीं तीं टिंबें कोठून वाचावयास आरंभ करावा? विद्यार्थिमित्रहो, हा प्रश्न कल्पनेंतला नाहीं. इजिप्त देशांत आणि आपल्या हिंदुस्थानांतही तो खरोखरच उभा राहिला होता, आणि दोन्हीकडे त्याचें उत्तर एकाच वाटेनें सांपडलें. ती वाट म्हणजे राजाचें नांव.

नांवच कां, याचें कारण सोपें आहे. ज्यास आपण ‘पाणी’ म्हणतों त्यास इंग्रज ‘वॉटर’ म्हणतो. दोन शब्दांत एकही ध्वनि समान नाहीं. पण ‘तुकाराम’ हें नांव इंग्रजींत लिहिलें काय, उर्दूंत लिहिलें काय, तोंडानें उच्चारतांना तें ‘तुकाराम’च राहतें. नांवाचें भाषांतर होत नाहीं. म्हणून एकाच मनुष्याचें नांव एका ओळखीच्या आणि एका अनोळखी लिपींत शेजारीं शेजारीं मिळालें, तर ओळखीच्या लिपीचा हात धरून अनोळखी लिपींत पाऊल टाकतां येतें. आणि दगडावर किंवा धातूवर, अनेक लिपींत, पुन्हा पुन्हा कोरलें जाणारें नांव सामान्य माणसाचें क्वचितच असतें. तें बहुधा राजाचें असतें.

प्रथम इजिप्ताकडे वळूं. त्या देशाची चित्रलिपी तीन हजारांहून अधिक वर्षें चालली. पक्षी, सिंह, डोळा, हात, वेत, पाण्याची लाट अशीं शेंकडों चित्रें मंदिरांच्या भिंतींवर ओळीनें कोरलेलीं असत. या लिपींतील कालनिर्देश असलेला अखेरचा लेख इ. स. ३९४ मधील असून तो नाईल नदीतील फायली बेटावर कोरलेला होता. त्यानंतर ती वाचणारा मनुष्य उरला नाहीं. पुढील सुमारें चौदाशें वर्षें विद्वानांची समजूत अशी होती कीं, हीं अक्षरें नव्हतच. हीं गूढ तत्त्वज्ञानाचीं चित्रें आहेत. सिंह काढला म्हणजे पराक्रम, गिधाड काढलें म्हणजे मातृत्व, अशा अर्थांचीं पुस्तकें लिहिलीं गेलीं. तीं चतुराईचीं होतीं, पण त्यांच्या साहाय्यानें एक ओळही वाचतां आली नाहीं.

इ. स. १७९९ मध्यें नेपोलियनच्या सैन्यांतील लोक रशीद, म्हणजे युरोपीय लोक ज्यास रोझेटा म्हणतात, त्या गांवाजवळ एका किल्ल्याची डागडुजी करीत असतां त्यांना एक काळसर शिळा सांपडली. तिच्यावर एकच मजकूर तीन प्रकारांनीं कोरलेला आहे. वर चित्रलिपीच्या १४ ओळी, मध्यें त्याच भाषेच्या धांवत्या लिपीच्या ३२ ओळी आणि खालीं ग्रीक भाषेच्या ५४ ओळी. ग्रीक तर युरोपांतील शाळांतून शिकवीत होते, तेव्हां मजकूर लगेच कळला. इ. स. पूर्वीं १९६ मध्यें पुजाऱ्यांनीं पांचवा टॉलेमी या तरुण राजाच्या गौरवार्थ केलेला तो ठराव होता. ही शिळा पुढें इंग्रजांच्या हातीं गेली आणि १८०२ पासून लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. परंतु ग्रीक मजकूर कळला म्हणून चित्रें वाचतां आलीं असें झालें नाहीं. वरचा भाग तुटलेला, शब्द सुटे नाहींत, कोणतें चित्र कोणत्या शब्दाचें हें कळावें कसें?

चित्रलिपींत कांहीं चिन्हांभोंवतीं एक लांबट वळें काढलेलें असतें. तें दोरीचें वळें असून त्याच्या एका टोकाला गांठ मारलेली दिसते. सूर्य ज्या ज्या प्रदेशाला वळसा घालतो तेवढें सर्व या राजाचें, असा त्याचा भाव. नेपोलियनच्या सैन्यांतील फ्रेंचांस हा आकार बंदुकीच्या काडतुसासारखा दिसला, म्हणून त्यांनीं त्यास ‘कार्तूश’ म्हटलें आणि तेंच नांव विद्वानांत रूढ झालें. आपल्या मराठींतील ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. तो आणि हा कार्तूश एकाच घराण्यांतले. इजिप्ताच्या राजांचीं नांवें काडतुसांत भरून ठेविलेलीं आहेत, असें म्हटलें तर भाषेच्या दृष्टीनें तें खोटें नाहीं!

या वळ्यांत राजनामें असावींत हा तर्क शिळा सांपडण्यापूर्वींच एका फ्रेंच विद्वानानें केला होता. टॉमस यंग नांवाच्या इंग्रज विद्वानानें रोझेटाच्या वळ्यांत टॉलेमीचें नांव आहे हें ओळखून कांहीं चिन्हांचे ध्वनीही ठरविले. पण पूर्ण वाट चालून गेला तो शांपोलियन हा फ्रेंच पंडित. त्यानें जी युक्ति केली ती आपणांस पाटीवर करून पाहतां येईल.

टॉलेमीचें नांव इंग्रजींत आरंभीचा ‘प्’ गिळून म्हणतात. ग्रीकांत तो स्पष्ट उच्चारला जात असे. चित्रांत तें नांव असें पडतें : प्, त्, ओ, ल्, म्, ई, स्. फायली बेटावरून इंग्लंडांत नेलेल्या एका स्तंभावर दुसरें वळें होतें, आणि त्याच्या बैठकीवरील ग्रीक लेखांत क्लिओपात्रा राणीचें नांव होतें. १८२२ च्या प्रारंभीं त्याची नक्कल शांपोलियनच्या हातीं आली. आतां पाहा. बसलेला सिंह टॉलेमीच्या वळ्यांत चौथा आहे. क्लिओपात्राच्या वळ्यांत तोच सिंह दुसरा आहे. ‘ल्’ हा ध्वनि पहिल्या नांवांत चौथा आणि दुसऱ्यांत दुसराच नव्हे काय? म्हणजे येथें सिंहाचा अर्थ पराक्रम नव्हे; सिंह म्हणजे ‘ल्’. लहान चौकोन एकांत पहिला, दुसऱ्यांत पांचवा, तो ‘प्’. दोरीचा फांस एकांत तिसरा, दुसऱ्यांत चौथा, तो ‘ओ’. आणि राणीच्या नांवांत गिधाड दोनदां येतें, सहाव्या आणि नवव्या ठिकाणीं, अगदीं जेथें ‘अ’ यावयास पाहिजे तेथें.

एक अडचण आली. ‘त्’ साठीं टॉलेमीच्या वळ्यांत भाकरीचें चित्र होतें आणि क्लिओपात्राच्या वळ्यांत हाताचें. दुसरा कोणी असता तर येथेंच निराश झाला असता. शांपोलियननें ओळखलें कीं, एकाच किंवा जवळच्या ध्वनीस दोन चिन्हें असूं शकतात. आपणही ‘राम’, ‘सूर्य’ आणि ‘चंद्र’ या तीन शब्दांत ‘र’ तीन प्रकारांनीं लिहितों. परक्या मनुष्यास तीं तीन निराळीं अक्षरें वाटतील.

टॉलेमी आणि क्लिओपात्रा हीं नांवें मुळांत ग्रीक. तेव्हां शंका घेणाऱ्यांनीं म्हटलें कीं, परक्या राजांचीं नांवें तेवढीं ध्वनींनीं लिहीत असतील; अस्सल इजिप्ती राजांचें काय? याचेंही उत्तर वळ्यांतूनच आलें. एका जुन्या मंदिरांतील वळ्यांत पहिलें चिन्ह वाटोळें सूर्यबिंब होतें आणि शेवटीं ‘स्’ दोनदां होता. इजिप्ती ख्रिस्ती लोकांच्या उपासनेंत टिकून राहिलेली कॉप्ट भाषा शांपोलियनला उत्तम येत होती आणि तींत सूर्याला ‘रे’ म्हणतात. मधलें चिन्ह ‘म्स्’. रे-म्स्-स्स्, म्हणजे ग्रीक ग्रंथांतून आणि पवित्र शास्त्रांतून ज्याचें नांव सर्वांस ठाऊक होतें तो रामसेस! १८२२ च्या सप्टेंबरांत त्यानें आपला शोध प्रसिद्ध केला. त्याचें वय तेव्हां अवघें ३१ वर्षांचें होतें.

इजिप्ती लेखक स्वर बहुधा लिहीत नसत. त्यामुळें या राजांचीं नांवें त्यांच्या आया त्यांना नेमक्या कोणत्या उच्चारानें हांक मारीत असतील, हें पुष्कळ ठिकाणीं अंदाजानेंच ठरवावें लागतें. खानदेशांतील व्यापारी कुटुंबांतल्या मुलांस याचें नवल वाटूं नये. जुन्या महाजनी चोपड्यांत काना-मात्रा नसत, आणि ‘काका अजमेर गये’ अशी आलेली चिठ्ठी ‘काका आज मर गये’ अशी वाचून घरांत रडारड झाल्याची गोष्ट त्यांनीं आजोबांकडून ऐकलेली असेल.

वळें ओळखण्यास आणखी दोन खुणा आहेत. राजाला पांच नांवें असत, त्यांपैकीं दोन वळ्यांत घालीत. वळ्याआधीं लव्हाळें आणि मधमाशी दिसली तर तें राज्याभिषेकाचें नांव. बदक आणि सूर्यबिंब दिसलें तर ‘रे देवाचा पुत्र’ या अर्थीं जन्मनांव. ओळ उजवीकडून वाचावी कीं डावीकडून, हें प्राणी ज्या बाजूला तोंड करून बसले असतील त्यावरून ठरवावें; त्यांच्या तोंडाकडून वाचीत जावयाचें. मात्र देवाचें नांव मानासाठीं पहिल्यानें लिहितात आणि मागाहून वाचतात. १९२२ च्या नोव्हेंबरांत हॉवर्ड कार्टर यांस ज्याची समाधि सांपडली त्या तुतनखामूनच्या वळ्यांत आमून देव प्रथम लिहिलेला आहे, पण उच्चारांत तो शेवटीं येतो.

आणि जेथें नांवाला एवढा मान, तेथें नांवाशीं वैरही तेवढेंच. हातशेप्सुत नांवाच्या राणीनें राजपद धारण करून इजिप्तावर राज्य केलें. तिच्यामागून राज्य करणाऱ्या तिसऱ्या थुतमोसच्या कारकीर्दीच्या उत्तरार्धांत तिचीं नांवें ठिकठिकाणीं छिन्नीनें खरवडून काढण्यांत आलीं. आबायडॉस येथें राजांची जी नामावळी आहे, तिच्यांत हातशेप्सुत नाहीं आणि तुतनखामूनही नाहीं. नांव गेलें कीं मनुष्य गेला, अशी त्या लोकांची श्रद्धा होती. पण छिन्नी कितीही फिरविली तरी खरवडलेल्या जागेचा आकार राहतो, आणि पुष्कळ ठिकाणीं त्यावरूनच हातशेप्सुत पुन्हा वाचली गेली.

आतां आपल्या देशाकडे येऊं. येथेंही लिपी हरवली होती, आणि ती कोण्या परक्याची नव्हे, आपल्याच पूर्वजांची होती. चौदाव्या शतकांत फिरोजशहा तुघलकानें दोन प्राचीन स्तंभ मोठ्या खटाटोपानें दिल्लीस आणविले; त्यांवरचा लेख वाचणारा एकही पंडित त्याला मिळाला नाहीं. आज आपण लिहितों ती देवनागरी ज्या ब्राह्मी लिपीपासून उतरत आली, तीच ती लिपी. पणतू पणजीला ओळखूं शकला नाहीं.

ही लिपी वाचणारे जेम्स प्रिन्सेप यांचा जन्म १७९९ सालचा, म्हणजे रोझेटाची शिळा सांपडली त्याच सालचा. ते कलकत्त्याच्या टांकसाळींत धातूंचा कस पाहणारे अधिकारी होते, त्यामुळें जुनीं नाणीं त्यांच्या हातांखालून नित्य जात. त्यांच्या आधीं १८३६ मध्यें लासेन या पंडितानें एका नाण्यावर पहिलें पाऊल टाकलें होतें. त्या नाण्याच्या एका बाजूस ग्रीक अक्षरांत आगाथोक्लीस राजाचें नांव होतें आणि दुसऱ्या बाजूस तेंच ब्राह्मींत. येथेंही दार उघडलें तें राजाच्या नांवानेंच. पुढल्या सालीं प्रिन्सेप यांनीं सांचीच्या कठड्यांवरील लहान लहान लेखांच्या शेवटीं पुन्हा पुन्हा येणारीं तींच दोन अक्षरें पाहून तीं ‘दानं’ असलीं पाहिजेत असें ताडलें, आणि थोडक्याच अवधींत सारी वर्णमाला उलगडली.

पण गंमत अशी कीं, अक्षरें वाचतां आलीं तरी राजा कोण हें कळेना. लेखांत ‘देवानंपिय पियदसि’ एवढेंच होतें. हें नांव नव्हे, पदवी. देवांचा लाडका, प्रेमळ दृष्टीचा. प्रिन्सेप यांस प्रथम हा सिंहलद्वीपाचा राजा वाटला. त्या बेटांत राहणाऱ्या टर्नर यांनीं पाली ग्रंथांच्या आधारें तो मगधाचा अशोक असल्याचें दाखविलें. ‘अशोक’ हें नांवच कोरलेला लेख मस्की येथें मिळावयास १९१५ साल उजाडलें. इजिप्तांतल्यासारखें दोरीचें वळें आपल्याकडे नव्हतें, त्याचा हा परिणाम.

याच शोधांत इजिप्त आणि हिंदुस्थान यांची एका शिळेवर गांठ पडली. मुंबईचे मिशनरी डॉ. जॉन विल्सन, ज्यांच्या नांवाचें कॉलेज आजही मुंबईंत आहे, यांनीं काठेवाडांतील गिरनारच्या पायथ्याच्या शिळालेखाची नक्कल करविली व ती प्रिन्सेप यांच्यापर्यंत पोहोंचली. अशोकानें आपल्या समकालीन परराज्यांच्या राजांचा जेथें उल्लेख केला आहे तेथें ‘अंतियोक’ आणि ‘तुरमाय’ हीं नांवें निघालीं. अंतियोक म्हणजे सीरियाचा अँटायोकस. आणि तुरमाय? इजिप्ताचा टॉलेमी! रोझेटाच्या शिळेवरील पांचव्या टॉलेमीचा हा पूर्वज, दुसरा टॉलेमी. ज्या घराण्याच्या नांवानें इजिप्ताची लिपी उघडली, त्याच घराण्याचें नांव ब्राह्मींत आपल्या देशाच्या खडकावर निघालें, आणि त्यावरून अशोकाचा काळही निश्चित करतां आला. असा योग कादंबरीकारानें जुळविला असता तर आपण त्यास अतिशयोक्ति म्हटलें असतें.

पण खानदेशांतल्या वाचकास अधिक जवळची अशी एक रोझेटा आहे, आणि ती तळहातावर मावते. सोनगीरवरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता धुळें, मालेगांव, चांदवड करीत नाशकास जातो, आणि नाशीक ओलांडल्यावर थेट पांडवलेण्यांच्या डोंगराखालून जातो. या टापूंत सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वीं नहपान नांवाच्या राजाचा अंमल होता. तो शक क्षत्रपांच्या क्षहरात कुळांतला. त्याचें चांदीचें नाणें बोटाच्या पेराएवढें, वजन सुमारें दोन ग्रॅम. एका बाजूस राजाचा मुखवटा व त्याभोंवतीं ग्रीक अक्षरें. दुसऱ्या बाजूस बाण आणि वज्र, व त्यांभोंवतीं ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा दोन लिपी. एका इवल्या नाण्यावर तीन लिपी!

मौज पुढेंच आहे. ग्रीक अक्षरांत असलेली भाषा ग्रीक नाहीं. ‘रान्निओ क्षहरातस नहपानस’ असें तें वाचतां येतें. म्हणजे आपल्या प्राकृतालाच ग्रीक झगा चढविलेला. ग्रीकांत ‘ए’ या स्वराचें जें इंग्रजी एच्-सारखें अक्षर, तें येथें ‘ह’ म्हणून कामास घेतलें आहे. ब्राह्मींत ‘राञो क्षहरातस नहपानस’, आणि खरोष्ठींतही तेंच, पण उजवीकडून डावीकडे आणि दीर्घ ‘आ’ न लिहितां. ‘राञो’ म्हणजे राजाचें. शेवटचा ‘स’ म्हणजे आपला ‘चा-ची-चें’ हा प्रत्यय. राजा क्षहरात नहपानाचें नाणें, एवढाच अर्थ. आपल्याकडे नांवाभोंवतीं वळें नाहीं हें खरें; पण पुढें ‘राञो’ आणि मागें ‘स’, या दोन खुंट्यांच्या मध्यें नांव ताणून बांधलेलें असतें, हें एकदां ध्यानांत आलें कीं त्या काळच्या बहुतेक नाण्यांवर तें कोठें शोधावें हें कळतें.

‘नहपानस’ यांत पहिलें आणि चौथें व्यंजन एकच, ‘न’. ब्राह्मी ‘न’ म्हणजे एका आडव्या रेघेवर उभी केलेली काठी. नाण्यावर अशा दोन काठ्या शोधाव्या. त्यांच्या मध्यें दोन अक्षरें सांपडतील, पहिलें ‘ह’, दुसरें ‘पा’. ब्राह्मी ‘प’ एक भुजा उंच असलेल्या इंग्रजी यू-सारखा दिसतो. एवढी सामग्री घेऊन एखाद्या वस्तुसंग्रहालयांत कांचेपुढें उभें राहिलें, तर आठवी-नववींतला मुलगा किंवा मुलगी राजाचें नांव स्वतः वाचूं शकेल. असें पहिलें नांव स्वतः वाचल्याचा आनंद मी सांगून कळणार नाहीं.

या राजाचा जांवई उषवदात यानें पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यांत मोठे लेख कोरविले आहेत. नांव ओळखतां आलें कीं त्याच्यामागून संसार कसा बाहेर येतो, तें तेथें पाहावें. गोवर्धन येथील साळ्यांच्या श्रेणीजवळ त्यानें दोन हजार कार्षापण दरमहा शेंकडा एक टक्का व्याजानें ठेविले, कीं त्या व्याजांतून लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंस वस्त्रें मिळावींत. दुसऱ्या एका दानाचा हिशेब सत्तर हजार कार्षापणांचा असून पस्तीस कार्षापणांस एक सुवर्ण या दरानें त्याचे दोन हजार सुवर्ण होतात, असें लेखांतच दिलेलें आहे. मुलांनीं भागाकार करून पाहावा. दगडावरचें उत्तर बरोबर आहे. ज्या लेण्यांस लोक पांडवांचीं म्हणत आले, त्यांत साळ्यांचें व्याज आणि नाण्यांचा भाव निघाला. रेव्हरंड स्टीव्हन्सन, पंडित भगवानलाल इंद्रजी अशा विद्वानांनीं हे लेख वाचले नसते, तर पांडवांच्या गोष्टीवर आपण आजही समाधान मानून राहिलों असतों.

नहपानाचें राज्य टिकलें नाहीं. सातवाहन कुळांतील गौतमीपुत्र सातकर्णि यानें त्याचा पराभव केला. पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यांत या राजाची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. त्यांत आपल्या पुत्रानें क्षहरातांचा वंश निःशेष केला, असें ती माता अभिमानानें सांगते. आईचा शब्द म्हणून इतिहासकारानें तो थोडा सोडून धरला तर त्यास दोष देतां येणार नाहीं. पण १९०६ मध्यें सिन्नर तालुक्यांतील जोगलटेंभी या गांवीं जमिनींत चांदीच्या नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. रेव्हरंड स्कॉट यांनीं तो तपासून १९०८ मध्यें मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्याचें वर्णन दिलें. तपासलेलीं नाणीं सुमारें १३,२५० होतीं आणि सर्व नहपानाचीं. त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एका बाजूस तीन कमानींचा डोंगर आणि त्याभोंवतीं ‘राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’. दुसऱ्या बाजूस उज्जयिनीचें म्हणून ओळखलें जाणारें चिन्ह. आईचें म्हणणें खरें होतें, आणि त्याला नऊ हजार साक्षी जमिनींतून वर आले.

हातशेप्सुतचें नांव छिन्नीनें खरवडलें गेलें. नहपानाचें हातोडीनें चेपलें गेलें. गौतमीपुत्रानें चांदी वितळविली नाहीं. वितळविली असती तर नहपान त्या नाण्यांतून कायमचा नाहींसा झाला असता. जुन्या नाण्यावरच नवा ठसा मारल्यामुळें झालें असें कीं, एकाच नाण्यावर जेता आणि जित दोघेही राहिले.

जोगलटेंभीच्या नाण्यांवरील नहपानाचे चेहरे मात्र एकसारखे नाहींत. कोठें तरुण, कोठें वृद्ध, कोठें नाक सरळ, कोठें बांकदार. नांव एकच, तोंडें अनेक. स्कॉट यांनाही याचें कोडें पडलें होतें. ठसे करणाऱ्या कारागिरांनीं राजाला पाहिलेंच नसेल, असें मला तरी वाटतें. सोनगीरच्या तांबटानें ज्या नवऱ्यामुलीचें नांव भांड्यावर घातलें, तिला तरी कोठें पाहिलेलें असे? ग्रीक अक्षरें तर पुष्कळ नाण्यांवर चुकलेलीं आहेत, आणि पुढच्या क्षत्रपांच्या काळीं तीं नुसती नक्षी होऊन बसलीं. लिपी विसरली जाते ती अशी. आधीं वाचणारा जातो, मग कोरणारा न समजतां कोरीत राहतो.

जुनें नाणें किंवा ताम्रपट शेतांत सांपडला तर तो प्रथम सराफाच्या तराजूंत किंवा तांबटाच्या मोडींत जाण्याचा संभव अधिक. वजनाला जेवढा भाव येतो तेवढाच. जमिनींत सांपडलेल्या दहा रुपयांवरील किंमतीच्या धनाची वर्दी कलेक्टरास द्यावी, असा १८७८ चा कायदा आहे. तो पालकांनीं मुलांस सांगून ठेवावा. आणि एक सूचना माझी स्वतःची. सांपडलेलें नाणें चिंच आणि राख लावून लखलखीत करूं नये. घरांतील तांब्याला जी गोष्ट शोभा आणते, तीच जुन्या नाण्यावरची उरलीसुरली टिंबें पुसून टाकते. धुळ्यास इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्यें निवर्तले. त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें आहे. सांपडलेल्या वस्तूवर काय लिहिलें आहे याची विचारपूस करावयास सोनगीरहून फार दूर जावयास नको.

गौतमीपुत्राच्या ठशाचें एखादें नाणें पाहावयास मिळालें, तर तें सरळ प्रकाशांत न पाहतां जरा तिरपें धरावें किंवा धरावयास सांगावें. प्रथम तीन कमानींचा डोंगर दिसतो. मग त्या डोंगराच्या उतारावर एक नाक दिसूं लागतें, नाकामागें कपाळ आणि केसांची रेघ. आणि मागची बाजू फिरविली तर कांठाशीं, उज्जयिनीच्या चिन्हाखालून अर्धवट बाहेर राहिलेली, आडव्या रेघेवर उभी केलेली एक काठी.